दीड टन

कंप्रेसरची पाटी गेली आहे.
रंगाचे सात थर खरवडले, खाली गंज,
गंजाखाली एक चार, किंवा नऊ असेल,
पुढे काही नाही.
मालकांना आकडा हवाय. दिवसाला किती टन?
सरोवरावर आणखी सहा बोटी आणायच्या की नाही
ते त्यावर ठरणार.

लुहेंदे म्हणतो, मला विचार की.
एकतीस वर्षं तो या खोलीत आहे.
नाक केव्हाच मेलंय त्याचं,
अमोनिया सुटला तर डोळ्यांनी ओळखतो.
सक्शनच्या पाइपाला तळवा लावला,
हिम कुठवर चढलंय ते पाहिलं,
म्हणाला, पन्नासच्या आत. फार आत नाही.

बाबा, असं लिहून देता येत नाही, मी म्हटलं.
मग मोज, दीडशहाणे.

मोजलं.
सिलिंडर चार, व्यास एकशे साठ मिलिमीटर, धाव एकशे दहा,
मिनिटाला नऊशे ऐंशी फेरे.
ओढलेल्या वाफेतली पाव तरी
झिजलेल्या रिंगांपाशी घुटमळून वाया जाते.
उरलेली गुणिले तक्त्यातली ऊब,
वजा दहा अंशांवर एक किलो अमोनिया
उकळता उकळता जेवढी उचलतो तेवढी.
उकळणं इतकं गार असतं
याचं मला कॉलेजात हसू आलं होतं.
आणि थंडी म्हणून काही मोजताच येत नाही,
मोजायची ती निघून गेलेली ऊब,
हे कळलं त्या वर्षी आई गेली.

कागदावर आले चोपन्न टन.
विक्रीच्या वहीत सत्तेचाळीस.

सात टन बर्फ रोज कुठे जातं?
टाकीच्या भिंतीत हात घातला: बुचाचं अस्तर कुजून
भिजल्या भाकरीसारखं हातात आलं. तीन टन.
मिठाचं पाणी ढवळणारा पंखा
ढवळता ढवळता स्वतःच तापवतो ते पाणी. एक.
नळ्यांच्या आत साचलेलं तेल,
काढलं तर बादली भरली, काळं, मधासारखं संथ.
दीड धरू.
साडेपाच झाले.
राहिले दीड.

तीन दिवस शोधले.
थर्मामीटर बदलून पाहिले, गेजा टिचकी मारून पाहिल्या,
दिवे मोजले, माणसं मोजली
(माणूस म्हणजे पाव किलोवॅट, जेवलेला असो वा नसो),
बेरीज पुन्हा केली. दीड तिथेच.

चौथ्या रात्री थांबले.
चारच्या सुमारास मराबू करकोचे
पत्र्यावर पाय बदलत उभे होते,
मागच्या दाराचा अडसर निघाल्याचा आवाज आला.
बाहेर बायका. वीस असतील, पंचवीस.
डोक्यावर पालथ्या परात्या, काखेत पोती.
बराफू, बाबा, बराफू, कुणी ओरडत नव्हतं,
शेजारणीला मीठ मागावं तसं.
लुहेंदे लाद्यांचे तुटके कोपरे
सळईनं फोडत होता,
आणि सगळेच कोपरे काही तुटके नव्हते.
प्रत्येकीच्या परातीत एक ढेकूळ, वर मूठभर चुरा.
पैसे दिसले नाहीत.

मला ती परात ओळखीची होती.
कडेला पोचा, तळाशी सांगाऱ्याचे खवले,
किरुंब्याच्या बाजारात दुपारी बारापर्यंत
माझी फी त्या परातीत गार राहायची.
बर्फ कुठून आणतेस, असं मी आईला
कधी विचारलंच नव्हतं.

लुहेंदेनं मला पाहिलं. सळई थांबली नाही.
दार लाव, म्हणाला, ऊब आत येतेय.

सकाळी अहवाल लिहायला बसले.
नमुन्यात यासाठी रकाना नव्हता.
एक जवळपासचा होता.
दाराची उघडझाप, मी लिहिलं: दीड टन.
शेरा: दार जुनं आहे.
दुरुस्ती सुचवत नाही.